डोंगर नको, पाय बघ

सिॲटलजवळच्या बॉथेलला मी भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीण मावशींनी माझं नाव विचारलं नाही की नोकरी कुठे ते विचारलं नाही. दार उघडून त्यांनी आधी खाली, माझ्या चिंब भिजलेल्या बुटांकडे पाहिलं.

"चालत आलीस?"

"हो. बस स्टॉपपासून. अजून गाडी नाही घेतली."

"इथे कुणी चालत येत नाही. कुत्रं फिरवायचं असलं तरच माणसं चालतात." मग दार पूर्ण उघडून म्हणाल्या, "ये. बूट तिथेच काढ. खोली खाली आहे, आवडली तर राहा. नाही आवडली तरी चहा घेऊन जा."

खोली मी नंतर पाहिली. राहायचं आधीच ठरलं होतं, असं आता वाटतं.

मावशी सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या मिरजेच्या. उंची पाच फुटांच्या आत, पांढरेशुभ्र आखूड कापलेले केस, अंगात बाराही महिने एकच राखाडी स्वेटर आणि गळ्यात काळ्या दोरीत अडकवलेलं भिंग. तीस वर्षं त्यांनी एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघितल्या होत्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगा समीर ॲरिझोनात चँडलरला होता. रिटायर झाल्यावर बघायला पेशी उरल्या नाहीत, तेव्हा मावशी चित्रांतली माणसं बघायला लागल्या.

चित्रं जपानी. लाकडी ठोकळ्यांवर कोरून, एकेका रंगाला एकेक ठोकळा लावून कागदावर छापलेली. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या जपानमध्ये मोठमोठे पायी रस्ते होते आणि त्या रस्त्यांवर चालणाऱ्या माणसांची चित्रं तिथे घरोघर हौसेनं घेत असत. मावशींकडची सगळी चित्रं त्याच जातीची. ओझी वाहणारे हमाल, पालखी, पालखीतला पोट सुटलेला प्रवासी, वाटसरूची बाही धरून त्याला खाणावळीत ओढणारी बाई, वाऱ्यानं उडालेल्या टोपीमागे धावणारा माणूस. पहिलं चित्र त्यांना दोन गल्ल्या पलीकडे एका गराज सेलमध्ये, घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालं होतं. पाऊस कोसळतोय आणि पुलावर माणसं डोक्यावर चटया घेऊन पळतायत. "मी हसायलाच लागले गं. म्हटलं, हे तर आपलं बॉथेल! फक्त यांच्याकडे जॅकेट नाहीत."

त्यातलं एकही चित्र अस्सल जुनं नव्हतं. सगळी नंतर, जुन्या चित्रांवरून पुन्हा छापलेली. हे त्या स्वतःच आधी सांगून टाकायच्या आणि वर विचारायच्या, "पण माणसं तीच आहेत ना?"

उन्हानं रंग उडतात म्हणून घरातले पडदे कायम ओढलेले. एरवी त्या भागात सूर्य दिसला की माणसं घरं सोडून बाहेर धावतात. मावशी मात्र उन्हाला शिव्या घालत पडदे तपासत फिरायच्या. एका वेळी एकच चित्र भिंतीवर. बाकीची नकाशे ठेवायच्या सपाट खणांच्या कपाटात. महिन्याच्या एक तारखेला चित्र बदलायचं, आणि त्या आधी हात धुऊन, पुसून, कोरडे करून दाखवायचे. मी तीस वर्षांची बाई, नागपूरहून एकटी अमेरिकेत येऊन कोड लिहिणारी, दर महिन्याला त्यांच्यापुढे हात पसरून उभी राहायचे.

चित्र कसं बघायचं याचा त्यांचा एकच नियम होता. "डोंगर बघू नकोस. डोंगर सगळेच बघतात. पाय बघ. कोण लांबून आलाय, कोण आत्ताच निघालाय, कुणाला जायचंच नाहीये, सगळं पायात असतं."

रोज सकाळी ऑफिसला निघताना त्या मला चित्रापुढे अडवायच्या. "आज तू यातली कोण?" उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरची रिलीज असली, कामाचं ओझं असलं की मी हमालाकडे बोट दाखवायचे. मॅनेजर सुट्टीवर असला की पालखीतल्या प्रवाशाकडे. एकदा घाईत मी कोपऱ्यातल्या कुत्र्यावर बोट ठेवलं, तर मावशींनी भिंग लावून कुत्रं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हं. डबा विसरू नकोस मग."

महाराष्ट्र मंडळातल्या बायका त्यांना थोड्या वचकून असत. एका संक्रांतीला मावशींनी हळदीकुंकू केलं. विधवा बाईनं करावं का, यावर फोनाफोनी झाली, पण उत्सुकतेपोटी आल्या मात्र सगळ्या. वाण म्हणून मावशींनी प्रत्येकीच्या हातात एकेक छोटं भिंग ठेवलं. "हे कशाला, मावशी?" एकीनं विचारलं. "बघायला," मावशी म्हणाल्या. पुढचे कित्येक महिने त्या बायका मला भेटल्या की हळूच सांगायच्या, तांदूळ निवडताना बरं पडतं हं ते.

सिॲटलच्या एका म्युझियममध्ये अशाच चित्रांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा आम्ही दोघी गेलो. एका चित्रात झाडाखाली बसलेला माणूस होता. शेजारच्या पाटीवर लिहिलेलं, 'विश्रांती घेणारा प्रवासी'. मावशी भिंग लावून इतक्या जवळ गेल्या की गार्ड धावत आला.

"मॅम, प्लीज स्टेप बॅक."

"ही इज नॉट रेस्टिंग," मावशी त्याला म्हणाल्या. "लुक ॲट हिज फूट. चप्पल लागलीय त्याला. टाच सोललीय."

गार्डला मराठी येत नव्हतं, पण त्यानं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "यू नो, माय न्यू शूज डिड दिस टू मी." दोघं तिथेच टाचांविषयी बोलत राहिले. घरी येऊन मावशींनी म्युझियमला पत्र लिहिलं. सोबत टाचेची स्वतः काढलेली आकृती जोडली. मावशींना चित्रकला अजिबात येत नसे. ती टाच बटाट्यासारखी दिसत होती. दोन महिन्यांनी आभाराचं पत्र आलं. पुन्हा गेलो तर पाटी बदललेली. 'चप्पल सोडून पाय पाहणारा प्रवासी'. मावशी त्या पाटीशेजारी अर्धा तास उभ्या राहिल्या. लोकांनी वाचावी म्हणून.

त्यानंतर एका जानेवारीत माझी नोकरी गेली. सकाळी लॅपटॉप उघडला तर लॉगिनच होईना, आणि दहा मिनिटांनी फोन आला. टीममधले अकरा जण एकदम. व्हिसावर असलेल्या माणसाला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळवायची, नाहीतर बॅगा भरायच्या. मी वर गेले, मावशींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा टाकला आणि नेहमीसारखं विचारलं, "आज तू यातली कोण?"

मला रडू आलं. "कुणी नाही. मी या चित्रात नाहीच आहे."

"थांब." त्यांनी गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि चित्राच्या अगदी डाव्या कडेला बोट नेलं. तिथे एक बाई होती. म्हणजे तिचं अर्धं अंगच होतं. बाकीची चौकटीच्या बाहेर गेलेली. इतके दिवस मला ती दिसलीच नव्हती.

"ही आहेस तू. अर्धी बाहेर गेलीय. पण बघ, पाय उचललेला आहे."

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी मला समीरच्याच गावी, चँडलरच्या एका कॉम्प्युटर-चिप कंपनीत नोकरी मिळाली. सोमवारी जॉइन व्हायचं होतं. सामान गाडीत भरून मी गुरुवारी सकाळी निघणार होते. दोन-अडीच दिवसांचा ड्राइव्ह, एक दिवस हाताशी. बुधवारी संध्याकाळी मी निरोप घ्यायला वर गेले तर मावशी बॅग भरून सोफ्यावर बसलेल्या.

"मी येतेय. समीरकडे."

मी चाट पडले. समीरच्या घराची वास्तुशांत होऊन दोन वर्षं झाली होती. तो फोनवर कळवळून बोलवायचा, तिकिटं पाठवायचा आणि मावशी दर वेळी काही ना काही काढून ती कॅन्सल करायच्या. कधी कानाला दडे बसतात, कधी विमानातून रस्ता दिसत नाही. मुलगा दुखावला होता. अलीकडे तर त्यानं बोलावणंच बंद केलं होतं.

"मावशी, मला सोमवारी पोचायचंय हं. कुठे जास्त थांबता येणार नाही."

"नाही थांबायचं," त्या म्हणाल्या. मांडीवर पुठ्ठ्यात बांधलेलं ते पहिलं, पावसातलं चित्र होतं. मुलासाठी घेतलेलं.

पहिल्याच दिवशी आम्ही चार वेळा थांबलो. मावशींना हायवेकडेच्या प्रत्येक रेस्ट एरियात उतरायचं असे. हातात वही आणि पेन्सिल. कुत्र्याला पाणी पाजणारी बाई, टायरला लाथ मारून बघणारा म्हातारा, उघड्या डिकीत बसून सँडविच खाणारं कुटुंब. सगळ्यांचे पाय वहीत, सगळे बटाट्यासारखे. यकिमा गावापाशी मी चिडले. "मावशी, प्लीज! अशानं आपण पुढच्या महिन्यात पोचू." त्यांनी वही मिटली. साधारण वीस मैल उघडली नाही.

शुक्रवारी सकाळी ऑरेगनचा डोंगर चढायला लागलो आणि बर्फ सुरू झाला. अर्ध्या तासात पुढचा रस्ता दिसेना. पुढे बर्फात घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या लावल्याशिवाय सोडत नाहीत असा बोर्ड आला, आणि माझ्याकडे साखळ्या नव्हत्या. एका ट्रक स्टॉपवर सगळ्या गाड्या वळवल्या होत्या. मी गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. डोळ्यांपुढे सोमवार, साठ दिवस, बॅगा. हुंदकेच यायला लागले.

मावशींचा हात पाठीवर फिरला. मग त्यांनी दार उघडलं. थंड वाऱ्याचा झोत आत आला आणि त्यांचा आवाज, लहान मुलीसारखा चढलेला, "अगं, बाहेर ये! बघ तरी!"

मी मान वर केली. बर्फात पन्नास-साठ माणसं होती. पाठी वाकवून, खांदे कानांपर्यंत ओढून, डोक्यावर जे मिळेल ते धरून सगळी कँटीनकडे पळत होती. एकानं पिझ्झाचं खोकं घेतलं होतं, एका बाईनं बाळाच्या गाडीचं छत. एका माणसाची टोपी उडाली आणि तो तिच्यामागे धावला. मावशी बर्फात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. रडता रडता मला हसू फुटलं.

कँटीनमध्ये बसायला जागा नव्हती. एका टेबलापाशी एकटे बसलेले वयस्क सरदारजी सरकले आणि त्यांनी आम्हाला बोलावलं. ट्रक चालवायचे. त्यांनी फॉइलमधले पराठे पुढे केले, मावशींनी बॅगेतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "क्या हुआ बेटी?" मी सांगितलं. साखळ्या, नोकरी, सोमवार.

"चेन? बस?" ते हसले. "मेरे पास एक पुराना सेट पड़ा है, छोटी गाड़ी का. रास्ता खुले तो लगा दूँगा. मेरे पीछे पीछे आना. घबराओ मत."

ते साखळ्या शोधायला बाहेर गेले. मावशी बोटांनी पुरीचे तुकडे करत होत्या, खात नव्हत्या.

"मी समीरकडे का जात नव्हते, तुला सांगू? कान नाही दुखत माझे."

"माहितीये मला."

"त्यानं माझ्यासाठी खोली बांधलीय. खालच्या मजल्यावर, बाथरूमला दांडे लावून. म्हणतो, बॉथेलचं घर विकून टाक, तू एकटी असलीस की मला झोप लागत नाही. चांगला मुलगा आहे गं. वाईट असता तर सोपं होतं, तोंडावर नाही म्हटलं असतं." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "एकदा गेले की मला परत निघता येणार नाही, असं वाटतं. त्याच्या तोंडाकडे बघून राहूनच जाईन."

"मग आत्ता का निघालात?"

"तू निघालीस ना. इतके दिवस रडत होतीस, पण अर्ज भरत होतीस. मला लाज वाटली स्वतःची."

दुपारी रस्ता उघडला. सरदारजींनी बर्फात आडवं होऊन आमच्या चाकांना साखळ्या चढवल्या आणि त्यांच्या ट्रकच्या लाल दिव्यांमागे आम्ही डोंगर उतरलो. त्यानंतर मी मावशींना एकदाही घाई केली नाही. रविवारी संध्याकाळी पाच वाजता चँडलरला समीरच्या दारात पोचलो. तो ड्राइव्हवेमध्येच उभा होता. चाळिशीचा, टक्कल पडत आलेला माणूस, आई गाडीतून उतरताना दिसली तसा लहान मुलासारखा पळत आला.

"आई, अगं केवढी वाळलीस! आणि तीन दिवस फोन ऑफ? आय वॉज गोइंग क्रेझी!"

खोली त्यानं खरंच मनापासून केली होती. ॲरिझोनाचं ऊन म्हणजे चित्रांचा काळ, म्हणून खिडक्यांना आतून काळे जाड पडदे आणि बाहेरून जाळ्या. भिंतीवर चित्रासाठी एक खिळाही ठोकून ठेवला होता. मावशींनी पडद्याचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. कितीतरी वेळ सोडलंच नाही. मी तिथून निघाले तेव्हा मला वाटलं, झालं. राहिल्या आता.

सोमवारी मी जॉइन झाले. दहाव्या दिवशी दुपारी जेवायला बसले होते, तर समीरचा फोन.

"आई तुझ्याकडे आलीय का? घरात नाहीये. बॅग नाहीये. फ्रिजवर चिठ्ठी आहे."

"काय लिहिलंय?"

"'बसनं घरी जातेय. रागावले नाही. खोली फार छान आहे, चित्र तिथेच राहू दे, मी येत जाईन.' बसनं! बॉथेलला! दोन दिवस लागतात. सत्तरी उलटलेली बाई! मी निघालोय, वाटेत फ्लॅगस्टाफला बस थांबते, तिथे गाठतो आणि घेऊन येतो परत."

मी त्याला काहीतरी सांगणार होते, पण फोन बंद झाला होता. दुपारभर माझं कामात लक्ष लागलं नाही. पाचच्या सुमाराला पुन्हा फोन आला. मागे वाहनांचे आवाज.

"भेटल्या?"

"भेटली. ती बसमधून उतरायलाच तयार नव्हती. शेजारी एक मुलगी बसलेली, सैन्यातून सुट्टीवर घरी चाललेली. आई तिच्या बुटांचं चित्र काढत होती. मी म्हटलं, आई, घरी चल. ती म्हणाली, घरीच चाललेय. मग आम्ही भांडलो. अख्ख्या बससमोर. ड्रायव्हर म्हणाला, सर, आर यू कमिंग ऑर गोइंग?"

"मग?"



"मग काय. ऑफिसला मेसेज टाकला. तिला म्हटलं, गाडीत बस, मी सोडतो बॉथेलला. तर अट घालते! म्हणते, मी सांगेन तिथे थांबायचं, आणि घड्याळ बघायचं नाही."

"आणि तू हो म्हणालास?"

"घड्याळ काढून घेतलंय तिनं."

ते सहाव्या दिवशी बॉथेलला पोचले. समीर तिथे आणखी चार दिवस राहिला, जिन्याला कठडा लावून आला. घर विकण्याचा विषय तेव्हापासून निघालेला नाही. आता दर हिवाळ्यात तो विमानानं बॉथेलला जातो, मावशींच्या जुन्या गाडीतून त्यांना चँडलरला आणतो आणि उन्हाळा तापायच्या आत परत नेऊन सोडतो. त्याची बायको म्हणते, याच्या ऑफिसात आता ही वेगळी रजा झालीय. दर वर्षी प्रवास लांबत चाललाय. यंदा येताना नऊ दिवस लागले.

आता ते बॉथेलला परत निघालेत. परवा मी विचारायला फोन केला, पोचलात का म्हणून. समीर म्हणाला, अजून नाही. यूटामधल्या कुठल्याशा छोट्या गावात गाडीच्या इंजिनचा पट्टा तुटलाय, मेकॅनिक उद्या सकाळी येणार.

"अरे बापरे. मग आता?"

"काही नाही. बसलोय इथे एका बाकावर. मस्त आहे." त्याला खरोखरच मजा वाटत होती. त्याच्या मागून मावशींचा आवाज येत होता. अनोळखी कुणाला तरी त्या खणखणीत स्वरात विचारत होत्या, "हॅलो! यू हॅव कम फ्रॉम व्हेअर? सिट, सिट. माझा मुलगा सरकेल."